वेलायुधनने न गायलेली ओळ

गजेंद्र मुणगेकर इब्राला निघाला तो एक वही आणायला. बाकी काही काम नव्हतं. गुरुवार होता, चौदा डिसेंबर, दोन हजार तेवीस. ऑफिस सुटल्यावर पावणेपाचला त्याने रुवीतून गाडी काढली आणि बायकोला सांगितलं, साडेदहापर्यंत येतो, जेवायला थांबू नका. मस्कतहून इब्रा म्हणजे दोन तासांचा रस्ता, तोही गुळगुळीत. अमावास्याही नव्हती, उगाच मीठमसाला लावणार नाही. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते.

अरमान, तो दिवा राहू दे बंद, गच्चीवर डास येतात. आणि यश, तुझं ते मोबाइलवरचं कराओके आता आवर. फॅक्टरीतून आल्यावर रोज दोन तास गळा काढतोस, वर गावभर पाठवतोस आणि अंगठे किती आले ते बघत बसतोस. तुझ्यामुळेच मला गजेंद्र आठवला. ही ऐकीव गोष्ट नाही, पोरांनो. मी इथे सोहारला येण्याआधी मस्कतला होतो, तेव्हाची आहे. माणूस माझ्या ओळखीचा, अजून मस्कतमध्येच राहतो, आणि हे सगळं त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय.

गजेंद्र मालवणकडचा. कार्यक्रमांना साउंड लावणाऱ्या एका कंपनीत होता. काम चांगलं करायचा, त्यात खोट काढणार नाही. पण वीस वर्षं दुसऱ्यांसमोर माईक ठेवून ठेवून त्याला वाटायला लागलं की माईक आपल्यासाठीच बनलाय. गळा कसा? बाथरूमला शोभेल असा. मित्रांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा शेंड्यावर जाऊन बसला. गणपतीत आमच्या मंडळात दोन भजनं म्हणायचा. समोर चाळीस माणसं, त्यातली तीस प्रसादासाठी थांबलेली.

तिकडे केरळवाल्यांचं बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचं एक्केचाळीस दिवसांचं अय्यप्पाचं व्रत असतं. काळी वस्त्रं, अनवाणी पाय, दर शुक्रवारी कुठे ना कुठे पूजा. हजार माणूस एका सुरात शरण मागतो तेव्हा हॉलची काच थरथरते. गजेंद्र तिथे स्पीकर लावायला जायचा आणि ती गर्दी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. देवाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याने ठरवलं, आपण यांच्याच भाषेत बारा भजनांचा अल्बम काढायचा. भाषेचं अक्षर येत नव्हतं. पण अडलंय कुणाचं? तिकडच्या सिनेमातले मोठे गायकही म्हणे सकाळी दारूचं गाणं गातात आणि दुपारी त्याच कपड्यांत देवाचं. पाच भाषांत गातात, एकही बोलता येत नाही. मग मी का नाही, असा याचा हिशेब.

शिकवायला त्याला वेलायुधन सापडला. पालक्काडकडचा म्हातारा, साठीच्या पुढचा, इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, ओमानी लोकांच्या पायघोळ दिशदाशा शिवायचा. पण त्याआधी अठरा वर्षं तो मद्रासला ट्रॅक गायक होता. ट्रॅक गायक म्हणजे काय ते सांगतो. गाण्याचं संगीत आधी तयार होतं. त्यावर हा माणूस पूर्ण गाणं गाऊन ठेवतो, नमुना म्हणून. मग मोठा गायक गाडीतून उतरतो, चहा घेतो, कानाला हेडफोन लावून याचं ऐकतो, ओळीमागून ओळ तसंच्या तसं गातो आणि जातो. झालं. मग याचा आवाज पुसतात. वेलायुधनने अशी चारशे गाणी गायली होती. त्याच्या आवाजात त्यातलं एकही जगात नाही.

आठ शुक्रवार तो इब्राहून बसने मस्कतला आला. गजेंद्रच्या बेडरूममध्ये भिंतींना रजया लावून रेकॉर्डिंग चालायचं. म्हातारा प्रत्येक ओळीआधी नाकाने बारीकसा श्वास घ्यायचा, सूं… असा, आणि मग गायचा. पोरांनो, तो आवाज मी इब्राच्या पूजेत ऐकलाय. मोठा नव्हता, पण तो सुरू झाला की रडणारी लेकरं गप्प बसायची. मग गजेंद्र त्याच्यामागून म्हणायचा आणि चुकायचा. म्हातारा हात जोडल्यासारखा करून म्हणायचा, "सर, फिर से." दहादा चुकला तरी तेच, "एक बार और, सर." कधी आवाज चढला नाही की कपाळाला आठी पडली नाही. आणि हा शहाणा, म्हाताऱ्याची पाठ वळली की बायकोला सांगायचा, "अण्णाला वाटतं मी त्याचा विद्यार्थी आहे. शिंपी तो शिंपी, आणि मला सूर शिकवतो." अण्णा म्हणायचा त्याला. केरळच्या माणसाला चेट्टन म्हणतात, एवढंही या गायकाला ठाऊक नव्हतं. यांच्या लेखी बेळगावच्या पुढे सगळं मद्रास.

वेलायुधनचा एक नेम होता, त्याचा स्वतःचा. ट्रॅक गाताना देवाच्या पदाची शेवटची ओळ तो गायचा नाही. ज्याचं गाणं, त्यानेच ते पुरं करायचं, म्हणायचा. अकरा भजनांत शेवटची ओळ म्हणजे ध्रुवपदच, ते आधी येऊन गेलेलं, त्यामुळे अडचण नव्हती. बारावं पद वेगळं. ते त्याच्या गावच्या देवळातलं, देवाला झोपवायचं पद. आठ ओळी, आठही निराळ्या. त्यातल्या सात त्याने गायल्या आणि आठवी मोकळी सोडली.

नोव्हेंबरात वेलायुधन गेला. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. गजेंद्रला वाईट वाटलं. चहा गार होईपर्यंत वाटलं. मग त्याने हिशेब मांडला. आपल्या आवाजात त्याने सहा भजनं रेकॉर्ड केली होती आणि ती इतकी बेसूर होती की त्याला स्वतःला कळलं. म्हणजे बघा. आणि कॉम्प्युटरमध्ये म्हाताऱ्याचा आवाज तसाच होता, पुसायचा राहिलेला. आता विचारायला येणारं कोण होतं? त्याने अकराही भजनांना ध्रुवपद शेवटी चिकटवलं आणि पोस्टर छापलं. काळी लुंगी, कपाळाला भस्म, हात जोडलेला गजेंद्र, खाली मोठ्या अक्षरात गायक म्हणून त्याचं नाव. शुक्रवारी, पंधरा तारखेला संध्याकाळी, रुवीच्या एका हॉलमध्ये प्रकाशन ठरलं.

मंडळाच्या ग्रुपवर त्याने एक भजन टाकलं. मी पहिल्या ओळीलाच ओळखलं. आणि मी काय केलं? तोच तो पिवळा अंगठा पाठवला. का, तर प्रकाशनाला मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. तेव्हा त्याला नावं ठेवतोय म्हणून मी धुतल्या तांदळासारखा आहे असं समजू नका.

एकच माणूस त्याला बोललं. त्याची मुलगी रेवा, दहा वर्षांची. इंडियन स्कूलमध्ये जायची, मराठी अडखळत बोलायची. इअरफोन कानात घालून तिने पूर्ण भजन ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, धिस इज यू? तुम्ही घरी गाता तेव्हा असं नाही येत."

"रेकॉर्डिंगमध्ये आवाज असाच होतो, बाळा," गजेंद्र म्हणाला.

"रिअली? मग मी क्लासमध्ये सांगितलं ते ट्रू आहे ना? मी सगळ्यांना सांगितलं, माय पप्पा इज अ सिंगर. फ्रेंड्स येणार आहेत."

"खरं आहे," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. लोकांनी तोंडात शेण घातलं असतं तरी ते त्याने पुसून काढलं असतं, एवढा तो निगरगट्ट होता. पण या पोरीच्या नजरेतून उतरायची त्याला भीती होती. त्यामुळे अल्बम पुरा व्हायलाच हवा होता, बाराव्या पदासकट, कारण पोस्टरवर बारा छापले होते. आठवी ओळ आता त्यालाच गावी लागणार होती आणि त्या ओळीचे शब्द एकाच ठिकाणी होते. वेलायुधनने सगळी पदं हिंदी अक्षरांत एका वहीत उतरवून ठेवली होती आणि ती वही इब्राला त्याच्या खोलीत राहिली होती.

तर गजेंद्र सातला इब्राला पोचला. दुकानात शरीफ होता. श्रीवर्धनचा, वेलायुधनच्या शेजारच्या यंत्रावर बसणारा आणि त्याच्याच खोलीत राहणारा. दुकानात लग्नाच्या कपड्यांची गर्दी. "दुकान बंद झाल्यावर रूमवर जाऊ, साहेब. तोवर खाऊन घ्या काहीतरी," शरीफ म्हणाला. गजेंद्र चडफडत हॉटेलात बसून राहिला. दहा वाजता शरीफने खोलीवर नेऊन वही दिली. दिली म्हणजे पुढे धरली, पण लगेच सोडली नाही.

"शेवटचं पद झोपवायचं आहे बरं का, साहेब," तो म्हणाला. "चेट्टन रोज रात्री म्हणायचा. मी मुसलमान, पण मला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. ते म्हणून झालं की बत्ती बंद करायची, बोलायचं नाही, पुन्हा गायचं नाही. देव झोपला की झोपला."

"हो, हो. ठाऊक आहे."

"आणि एक. चेट्टन गेला त्या आठवड्यात सारखा म्हणायचा, साहेबांना सांग, माझा ट्रॅक पुसा. ट्रॅक राहिला तर गाणारा त्यातच अडकतो, म्हणायचा. पुसला ना?"

"पुसला," गजेंद्र म्हणाला.

"कधी?"

"केव्हाच."

शरीफने वही सोडली. "मग खलास. अल्ला त्याला आराम देवो."

बघा, किती सहज. मेलेल्या माणसाच्या खाटेशेजारी उभं राहून खोटं बोलला आणि जिन्यावरून उतरताना शरीफलाही हसला. अडाणी लोक, म्हणे. सॉफ्टवेअर कशाशी खातात माहीत नाही आणि आवाज अडकतो म्हणतात.

सव्वादहाला तो निघाला. डोक्यात एकच विचार. घरी पोचायला बारा वाजणार, बिल्डिंगमध्ये गायला लागलो तर शेजारी ओरडणार, सकाळी कंपनीची गाडी स्पीकर न्यायला येणार. ओळ आजच व्हायला हवी. आता गाणारे लोक एक युक्ती करतात. काचा लावलेली गाडी म्हणजे आयता स्टुडिओ. इंजिन बंद, एसी बंद, डोक्यावर जाड पांघरूण, की बाहेरचं काही आत येत नाही. लॅपटॉप, माईक, हेडफोन त्याच्याकडे कायम असायचे. स्पीकर गुंडाळायची जुनी रजईही मागच्या सीटवर होती.

एक्स्प्रेस वेवर ट्रकचा घरघराट. म्हणून वादी अल अकच्या अलीकडे तो जुन्या रस्त्याला उतरला. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे रात्री कुणी फिरकत नाही. दोन्हीकडे काळे डोंगर, मध्ये वादी, म्हणजे कोरडी नदी, मोबाइलला रेंज नाही. खजुराच्या चार झाडांपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याने इंजिन बंद केलं, दिवे बंद केले आणि दारं आतून लावली. वही मांडीवर उघडली. रजई डोक्यावरून घेतली, लॅपटॉप आत, माईक आत. रजईखाली स्क्रीनचा निळसर उजेड. त्याने हेडफोन लावला आणि बारावं पद सुरू केलं.

तंबोरा. बासरी. मग सूं… असा श्वास, आणि म्हाताऱ्याचा आवाज. एक ओळ, दोन ओळी, सात ओळी. मग मोकळी जागा आली आणि गजेंद्रने आठवी ओळ गायली. त्याच्या मते बरी जमली. त्याने थांबवलं, मागे नेलं आणि ऐकलं.

सात ओळी. मग नुसता तंबोरा.

त्याची ओळ नव्हती. वायर सैल असेल, तो म्हणाला. वायर तपासली, माईकवर टिचकी मारली. टिचकी रेकॉर्ड झाली. पुन्हा गायला. गाताना स्क्रीनवरची हिरवी पट्टी वर-खाली होत होती, म्हणजे आवाज आत जात होता. थांबवलं. ऐकलं.

सात ओळी. तंबोरा.

वीस वर्षांचा साउंडवाला तो. माईकसमोर "हॅलो, हॅलो, चेक," म्हणाला. ऐकलं. सीट करकरली ते ऐकू आलं. वहीचं पान सळसळलं ते ऐकू आलं. हॅलो नव्हतं. तेव्हा त्याला पहिल्यांदा घाम आला. डिसेंबरातल्या थंडीत. पण अहंकार बघा, तरी म्हणतो, लॅपटॉप जुना झालाय. अजून एकदा गाऊ.

तिसऱ्या वेळी सातवी ओळ संपली. मोकळी जागा आली. त्याने तोंड उघडलं…

सूं…

कुणीतरी आधी श्वास घेतला.

ट्रॅकमध्ये तो श्वास नव्हता. ती जागा गजेंद्रने स्वतः कापून साफ केली होती. तो थांबला. त्याने हेडफोन काढला, गळ्यात टाकला.

श्वास थांबला नाही.

तो हेडफोनमध्ये नव्हता.

रजई डोक्यावर होती. काढावी असं वाटलं. पण काढली की दिसणार… काय दिसणार? त्याने रजई आणखी घट्ट ओढून घेतली. वादीत किडा नाही, वारा नाही. गाडीच्या काचा वर. दारं आतून बंद. आणि मागच्या सीटवरून, अगदी हळू, आठवी ओळ आली. पूर्ण. त्याच आवाजात. आयुष्यात कधी न गायलेली ओळ तो म्हातारा गायला. प्रत्येक शब्द सुटा करून, शिकवताना म्हणतात तशी.

मग शांतता.

मग…

"सर. अब आप."

गजेंद्रची बोबडी वळली. नंतर मला म्हणाला, काका, तो रागावला असता तर मी दार उघडून पळालो असतो. तो रागावला नव्हता हो. नेहमीसारखाच बोलत होता.

तो गायला. दुसरं काय करणार? आवाज फाटला होता.

"नहीं, सर. फिर से."

पुन्हा गायला.

"तीसरा अक्षर नीचे है, सर. फिर से."

पुन्हा.

"एक बार और, सर."

पुन्हा…

"अण्णा, माफ कर," तो म्हणाला. रडत म्हणाला.

बराच वेळ काही नाही. त्याला वाटलं, गेला. त्याने रजईचं टोक दोन बोटं उचललं.

सूं…

"एक बार और, सर."

किती वेळ गायला, माहीत नाही. लॅपटॉपची बॅटरी कधी संपली, माहीत नाही. उजेड गेला तरी गात होता. शब्द पाठ झाले. अर्थ ठाऊक नाही, पण शब्द पाठ. घसा रक्ताळला. थांबला की श्वास. थांबला की "सर". झोपवायचं पद, पोरांनो, एकदाच म्हणायचं असतं. तो रात्रभर म्हणत होता. आणि कुणी झोपत नव्हतं.

सकाळी साडेसहाला बकऱ्या घेऊन चाललेल्या एका ओमानी म्हाताऱ्याने काचेवर थाप मारली. दार उघडेना म्हणून काठी आपटली. गजेंद्रने कसंबसं लॉक काढलं. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावरची रजई ओढली, तर हा डोळे मिटून ओठ हलवतोय. तोंडातून आवाज नाही, नुसती हवा. म्हाताऱ्याने त्याचा खांदा धरून हलवला. "खलास," म्हणाला. "खलास, खलास." तेव्हा तो थांबला. मागची सीट रिकामी होती. तिथे काहीही नव्हतं, उगाच ओली पावलं वगैरे मी घालणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला असेल. संध्याकाळी स्टेजवर उभा राहून खरं बोलला असेल. छे. एवढं काळीज असतं तर ही गोष्टच घडली नसती. घसा बसला म्हणून चिठ्ठी पाठवली आणि अंथरुणात पडून राहिला. प्रकाशन त्याच्याशिवाय झालं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. त्याची बायको सोनलवहिनी आणि रेवा माझ्या शेजारी, रेवाच्या मैत्रिणी मागे. अकरा भजनं वाजली, हजार माणसांनी डोळे मिटून ऐकली. "पप्पा इतके छान गातात?" रेवाने मला विचारलं. मी म्हटलं, "प्रसाद घेतलास का?"

दोन आठवड्यांनी गजेंद्रने मला बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. तोवर त्याला आणखी एक गोष्ट कळली होती. घसा बरा झाला होता, तोंडाने नीट बोलत होता, समोरासमोर बोललात तर तुम्हाला काही फरक कळायचा नाही. फोनवरही बोलणं व्हायचं. पण रेकॉर्ड काही होत नव्हतं. नव्या वर्षाचा शुभेच्छांचा व्हिडिओ केला, त्यात ओठ हलतात, आवाज नाही. फोन बदलला, तेच. कंपनीतल्या भारी माईकवर करून बघितलं, तेच. डॉक्टरने घशात नळी घालून बघितलं आणि नॉर्मल म्हणून लिहून दिलं.

मी म्हटलं, "अरे, सरळ आहे. एक तर म्हाताऱ्याचा आवाज पुसून टाक, त्याने सांगितलं तसा. नाहीतर त्याचं नाव घाल."

"पुसू कसा, काका? इंटरनेटवर ऐकणारे वाढतायत. केरळातून मेसेज येतायत."

"मग नाव घाल."

"लोक विचारतील, आधी तुझं कसं होतं? आणि रेवाला काय सांगू?"

शेवटी काय केलं, ऐका. स्वतःचं नाव काढलं. पण त्याचं घातलं नाही. गायक या शब्दापुढची जागा कोरी ठेवली. रेवाने विचारलं, "पप्पा, तुमचं नेम कुठे गेलं?" तर हा सांगतो, "देवाच्या गाण्यावर नाव कशाला घालायचं, बाळा?" म्हणजे चोरीही पचवायची आणि वर संतही व्हायचं. त्या दिवशी मी त्याच्या घरचा चहा अर्धा टाकून उठलो. नंतर गेलो नाही.

इंटरनेटवर ते सगळं अजून आहे. वाजतं. लाखांवर लोकांनी ऐकलंय. त्याखाली नाव नाही.

यश, हसू नको. मला खोटं पाडायचंय ना? हा घे माझा फोन. मागच्या दिवाळीला त्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता, बावीस सेकंदांचा. मी पुसलेला नाही. आवाज पूर्ण वाढव. कुणी बोलू नका…

हा पंख्याचा आवाज.

ही कुकरची शिट्टी…

थांब. संपलं नाही. शेवटी रेवा बोलते, ऐक.

"पप्पा, खूप छान बोललात. आता सेंड करा."